पोळी टाकणे म्हणजे पाळणे नव्हे

शाळेच्या पत्रिकेत कुत्र्यांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परीक्षा, शिस्त, संस्कार हे नेहमीचे विषय सोडून आम्ही हा विषय घेतला, त्याला कारण आहे. वर्गात आम्ही विचारतो, "घरी कुत्रा कोणाकोणाकडे आहे?" भराभर हात वर होतात. "त्याचे नाव काय?" म्हटले तर सगळे एकदम बोलू लागतात. परंतु "त्याला लस कधी टोचली?" असे विचारताच वर्ग गप्प होतो. हे गप्प होणे आम्हाला काळजीचे वाटते. त्यात कुत्र्याला धोका आहे, आणि त्याच्याशी दिवसभर खेळणाऱ्या मुलालाही आहे.

आपल्या लांजी भागात कुत्रा पाळणे म्हणजे काय? रात्रीचा उरलेला भात, भाजीचा रस्सा, शिळी पोळी अंगणात टाकायची. तो घराची राखण करतो, आपण त्याला खायला टाकतो, हिशेब पूर्ण झाला. आमचे स्पष्ट मत आहे की हा हिशेब अपुरा आहे. बैलाच्या बाबतीत आपण असे वागत नाही. त्याला वेळेवर चारा-पाणी देतो, पोळ्याला आंघोळ घालून सजवतो, आजारी पडला तर ढोरांच्या दवाखान्यात नेतो. बैल पैसे देऊन आणलेला असतो आणि कुत्रा फुकट आलेला असतो, एवढाच फरक. फुकट आलेल्या जिवाची जबाबदारी मात्र फुकट नसते.

संत नामदेवांची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. कुत्रा कोरडी पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. या गोष्टीतून आम्ही एक साधा अर्थ घेतो. त्याने पोळी नेली याचा राग त्यांना आला नाही, ती कोरडी आहे याची चिंता वाटली. कुत्र्याच्या पोटात काय जाते, याची चिंता करणारा तोच खरा पाळणारा.

मग काय द्यावे? त्यासाठी शहरातील महाग पाकिटे आणण्याची आवश्यकता नाही. आपला जिल्हा धानाचा. कुत्रा हजारो वर्षे माणसाजवळ राहिल्याने त्याला भात पचतो. परंतु नुसत्या भाताने त्याचे पोषण होत नाही. भातासोबत शिजवलेले घट्ट वरण, उकडलेले अंडे, काटे काढलेली मासोळी किंवा थोडे मांस, उकडलेला लाल भोपळा, गाजर असे आलटून पालटून द्यावे. थोडे दही चालते. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. मोठ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ दोन वेळा ठरलेल्या वेळी खायला द्यावे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला चार वेळा, आणि सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा थोडे थोडे द्यावे. आठ आठवडे होण्याआधी पिल्लाला आईपासून तोडून आणू नये.

काय देऊ नये, हे जास्त लक्षात ठेवावे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. फोडणीचे वरण आणि उरलेला रस्सा यांत हे दोन्ही असतात, म्हणून त्याचे वरण फोडणीच्या आधीच वेगळे काढावे. चॉकलेट त्याला विषासारखे आहे. द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते, म्हणून प्रसादाचा मनुके घातलेला शिरासुद्धा त्याच्यापुढे ठेवू नये. शिजवलेली कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात आणि आतडे फाडतात. आणि एक विशेष सूचना : ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी त्याला कधीही देऊ नये. माणसाचे औषध कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

पाण्याविषयी दोन शब्द. आपल्याला जसा सर्वांगाला घाम येतो तसा कुत्र्याला येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. आपल्याकडील मे महिन्यात त्याला उन्हात टिनाच्या शेडखाली बांधून ठेवणे म्हणजे शिक्षाच आहे. सावलीत जागा आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेले स्वच्छ पाणी, एवढे तर कोणतेही घर करू शकते. दाट केसांच्या विदेशी जातीचे पिल्लू हौसेने आणणाऱ्यांनी तर हा विचार आधीच करावा.

पावसाळा लागला की गोचीड आणि पिसवा वाढतात. गोचीड रक्त पितात, शिवाय त्यांच्यामुळे होणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. यावर पुष्कळ जण रॉकेल, जळलेले ऑइल किंवा धानावर फवारण्याचे औषध चोळतात. हे तत्काळ बंद झाले पाहिजे. कुत्रा अंग चाटतो, ते विष त्याच्या पोटात जाते, आणि त्याला कुरवाळणाऱ्या लेकराच्या हातालाही लागते. पशुवैद्यांना विचारून योग्य औषध लावावे. जंतांचेही तसेच. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासूनच जंताचे औषध सुरू करावे लागते, आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांतून एकदा द्यावे लागते. कुत्र्याच्या पोटातील जंतांची अंडी अंगणातील मातीत मिसळतात आणि त्याच मातीत आपली मुले खेळतात.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांच्या लसी सुरू कराव्यात, आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची. त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी पुन्हा. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात, आणि त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक भारतात. संशयित पिसाळलेल्या जनावराने चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. म्हणजे आमच्या शाळेच्याच वयाची. म्हणून हा विषय शाळेचा आहे.

मुलांनो, हे नीट वाचा. कुत्रा चावला, ओरबाडले, किंवा जखमेवर त्याची लाळ लागली तर घरी लगेच सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. पालकहो, मूल सांगत आले तर आधी रागावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, हळद, चुना, तेल काहीही लावू नका, झाडफूक करणाऱ्याकडे वेळ घालवू नका, सरळ सरकारी रुग्णालयात न्या. तेथे लस मोफत मिळते. जुन्या मंडळींच्या मनात अजून पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात, परंतु ठरलेल्या दिवशी सगळी पूर्ण केली पाहिजेत. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेतही एक औषध टोचतात, त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा. चावलेल्या कुत्र्याला मारून टाकू नये. त्याला दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवावे.

कोणी म्हणेल, माणसांनाच पुरत नाही तेथे कुत्र्याचे लाड कशाला? आम्ही लाड करा असे म्हणत नाही. एका घरात लेकराला चावा झाला तर मजुरी बुडते, येरझारा होतात, घराची झोप उडते. त्यापेक्षा वर्षाची एक लस स्वस्त पडते. आणि ज्याला हे करणे शक्य नाही, त्याने पिल्लू आणू नये. हेही प्रामाणिकपणाचेच आहे. नको असलेली पिल्ले पोत्यात भरून बाजाराजवळ सोडून देण्यापेक्षा वेळेवर नसबंदी करून घ्यावी.

हे काम होण्यासारखे आहे, याचे उदाहरण गोव्यात आहे. तेथे शासन, पशुवैद्य आणि सेवाभावी संस्था यांनी मिळून दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तरी या रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात.

आपल्याला आणखी एक कारण आहे. कान्हाचे जंगल काही प्रमाणात आपल्याच बालाघाट जिल्ह्यात येते. २०१८ मध्ये गुजरातच्या गीर जंगलात थोड्याच आठवड्यांत २३ सिंह मेले, आणि त्यांपैकी काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांत आढळणारा रोग. आपल्या दारातील कुत्र्याची लस ही जंगलातील वाघाचीही राखण आहे.

२८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. याच पाश्चरांनी १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाला रेबीजपासून वाचवण्यासाठी पहिली लस दिली. हा दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. विश्वस्त मंडळाला आमचे निवेदन आहे की या दिवशी शाळेच्या मैदानावर पशुवैद्यकीय विभागाच्या मदतीने दरवर्षी कुत्र्यांचे लसीकरण शिबिर व्हावे. पालकांना विनंती आहे की ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी त्याचे लसीचे कार्ड घरातल्या लेकरांच्या कार्डाजवळच ठेवावे. कुत्रा आजारी असेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय गाडीची माहिती मिळते. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचे काम सर्वांत मोठे आहे. रोज त्याचे पाणी बदलणे, कान-पंजे तपासून गोचीड पाहणे, लसीची तारीख वडिलांना आठवून देणे हे तुमच्याकडे राहू द्या.

बैलांचा पोळा आपण पिढ्यानपिढ्या करत आलो. वर्षातला एक दिवस राखणदारासाठीही काढू या. येत्या वर्षी वर्गात लसीचा प्रश्न विचारला की सगळे हात वर दिसावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

— प्राचार्य