बोर्डिंग बंद होतंय, पोरांचं काय?

थोडं लांब लिहितोय. वेळ असेल तर पूर्ण वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा.

आपल्या तालुक्यातल्या मिशनच्या बोर्डिंगात यंदा जूनला नवीन प्रवेश होणार नाहीत. आत आहेत त्या पोरांची दहावी होईपर्यंत बघू, पुढचं सांगता येत नाही, असं तिथल्या फादरांनी पालकांना सांगितलंय. बातमी मीच दिली होती, आतल्या पानावर दोन कॉलम. मग ती ग्रुपवर फिरली. निम्मे म्हणाले, बरं झालं, धर्मांतराचा अड्डा गेला. निम्मे म्हणाले, फादर देवमाणूस, सरकारनं वाट लावली. दोनशेच्या वर मेसेज पडले, पण ती पोरं आता जाणार कुठं, हे एकानंही विचारलं नाही.

पोरं कोण, तर बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन निघतात ते उन्हाळा लागल्यावर परततात. घरात आजी असली तर पोरगं गावात राहतं, नसली तर फडावर जातं आणि शाळा सुटते. काही एकट्या आईची आहेत. ख्रिस्ती घरातली मोजकीच. बोर्डिंग त्यांना काय देतं? दोन वेळचं जेवण, झोपायला जागा आणि संध्याकाळी सातला अभ्यासाला बसवणारं एक माणूस. फार मोठं काही नाही. पण हे नसलं की काय होतं ते आपण गॅरेजवर आणि चहाच्या टपरीवर रोज बघतो.

आता पैशाचं. अशा बोर्डिंगांचा खर्च वर्षानुवर्षं बाहेरच्या देणग्यांवर चालायचा. २०२० मध्ये परकीय देणग्यांचा कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो कडक झाला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येईना. मोठी संस्था शहरात पैसे घ्यायची आणि तालुक्याच्या बोर्डिंगला पाठवायची, ती वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. त्याआधी २०१७ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल ही मोठी ख्रिस्ती संस्था परवानगीच्या वादात देशातून निघून गेली. जवळजवळ दीड लाख मुलांना तिची मदत होती. सरकारनं हिशेब मागू नये असं मी म्हणत नाही, मागायलाच पाहिजे. पण दीड लाख मुलांची मदत थांबते तेव्हा ती दुसरीकडून कशी मिळणार, याचीही एखादी फाईल कुठल्या तरी टेबलावर असायला हवी होती ना?

धर्मांतराच्या मुद्द्याला बगल देत नाही. शाळा सरकारमान्य असेल किंवा अनुदान घेत असेल, तर तिथं पालकाच्या संमतीशिवाय मुलाला प्रार्थनेला बसवता येत नाही. राज्यघटनेचं कलम २८(३) वाचा. बोर्डिंगात संध्याकाळी प्रार्थना होते, मी बघितलीय. नाही बसलं तर काय होतं, असं एका पोराला विचारलं. "काही नाही, भायेर बसतो," म्हणाला. अर्थात वॉर्डन शेजारीच उभे होते, त्यामुळं त्या उत्तराला मी निम्मेच मार्क देतो. कुठं जबरदस्ती होत असेल तर तक्रार करा, मी पहिल्या पानावर छापायला भांडेन. फक्त तक्रारीत नाव, तारीख, घटना पाहिजे. फॉरवर्ड केलेला व्हिडिओ म्हणजे पुरावा नव्हे.

हे भांडण नवीनही नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्यात आणलं. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो म्हणून गदारोळ झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. तिकडं रमाबाई दुष्काळात उपाशी पडलेल्या मुली केडगावला आणत होत्या, त्यांना छापखान्यापासून हातमागापर्यंत कामं शिकवत होत्या. कर्वे ख्रिस्ती झाले नाहीत, रमाबाईंना शिव्या देतही बसले नाहीत. तेच काम त्यांनी आपल्या पद्धतीनं उभं केलं. ज्यांना मिशनचं बोर्डिंग खटकतं त्यांना माझं एवढंच विचारणं आहे: तुमचं वसतिगृह कुठंय? गणपतीला आपल्या गावात डीजेवर किती उडतात ते मला विचारू नका, पावत्या मीही फाडल्यात.

आणि फादरांनाही एक गोष्ट सुनवायची आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. नाही केली तर वर्षभर कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. अनेक ठिकाणी "आमचं साधं वसतिगृह आहे" म्हणून हे टाळलं जातं. तपासणी नको, बाल कल्याण समिती नको, कागद नको. याचा फटका बसतो पोराला. संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाला १८ नंतर २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत मदतीची तरतूद आहे. मिशन वात्सल्यमधून महिन्याला ४ हजार रुपये मिळू शकतात. पण संस्थाच नोंदलेली नसेल तर पोरगं आपण संस्थेतून आलो हे सिद्ध कुठून करणार? चांगलं काम करता ना, मग कागद ठेवायला काय जातं?

मला खरी भीती अठराव्या वर्षाची वाटते. आपल्या घरातलं पोरगं अठराचं झालं म्हणून आपण त्याला बाहेर काढतो का? इथं मात्र बारावी झाली की पेटी उचलायची. गेल्या वर्षी बाहेर पडलेला एक जण आता स्टँडजवळच्या हॉटेलात टेबलं पुसतो, रात्री तिथंच बाकड्यावर झोपतो. आयटीआयला त्याचा नंबर लागला होता. खोलीच्या डिपॉझिटला पैसे नव्हते, बाप फडावर, सही करायला कोणी नाही. एवढ्यावर ॲडमिशन गेली. मालक वाईट नाही, जेवू घालतो. पण वायरमन होणारं पोरगं कपबशा धुतंय.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. आपल्या तालुक्याला तिचा काय उपयोग होणार, हे आमदार साहेबांनी आणि समाजकल्याणवाल्यांनी जूनच्या आत सांगावं. दोघांच्या ऑफिसला टॅग केलंय.

तोपर्यंतचं तातडीचं काम छोटं आहे. यंदा बोर्डिंगातून बारावीची चार पोरं बाहेर पडतायत. दोघांची सोय झाली. उरलेल्या दोघांना आयटीआयच्या जवळपास एक खोली पाहिजे, डिपॉझिट न घेणारी. भाड्याचं आम्ही पत्रकार मंडळी मिळून सहा महिने बघतो. कोणाची खोली रिकामी असेल तर इनबॉक्सला कळवा. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, कोणाचीही चालेल, फक्त पाण्याची सोय असावी.