चाकाचं धनुष्य, बांबूचं धनुष्य आणि रविवारची बैठक

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण रविवारच्या आत वाचा.

आधी एक गोष्ट कबूल करतो. माझा सख्खा भाचा कंपाउंड धनुष्य चालवतो. म्हणजे या भांडणात माझ्या घरचं माणूस एका बाजूला आहे. उद्या कुणी ते कमेंटमध्ये शोधून काढण्यापेक्षा मीच सांगून मोकळा होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी झालं ते थोडक्यात. गेल्या महिन्यात आपल्या क्रीडासंकुलाच्या मैदानावर तिरंदाजीची खुली स्पर्धा झाली. अंतर ३० मीटर, गट एकच, बक्षिसं तीन. तिन्ही बक्षिसं कंपाउंडवाल्यांनी नेली. माझा भाचा दुसरा आला. चौथी आली ती आश्रमशाळेतली नववीची पोरगी. हातात बांबूचं धनुष्य, नेम नुसत्या डोळ्यानं. तिला 'उत्तेजनार्थ' लिहिलेला एक कागद मिळाला. बक्षीस वाटप संपल्यावर तिचे वडील माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, त्याच्या धनुष्याले चाकं हायेत, भिंग हाये, बटन हाये. माह्या पोरीजवळ बांबू हाये. हे एका रांगेत कसं काय उभं केलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी त्या दिवशी बातमीत तिन्ही विजेत्यांची नावं छापली आणि गप्प बसलो. ती चूक माझी.

त्यानंतर गावात दोन तट पडले. आता आयोजकांनी रविवारी बैठक ठेवली आहे आणि पुढच्या वर्षीपासून 'चाकाच्या धनुष्याला बंदी' असा ठराव येणार आहे म्हणतात. त्यात आणखी एक भर. आपल्यातल्याच एका हौशी गृहस्थांनी म्हणे क्रॉसबो मागवलाय. त्यांचं म्हणणं, "खुला गट आहे ना? मग मी पण येतो."

माझं मत असं की सगळ्यांना एका रांगेत उभं करणं चूक होतं आणि आता बंदी घालणं ही त्याहून मोठी चूक होईल. का ते सांगतो.

पहिल्यांदा ही अवजारं काय आहेत ते नीट समजून घेऊ, कारण अर्ध्याहून जास्त भांडण न बघताच चाललंय.

बांबूचं किंवा लाकडाचं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. पूर्ण ओढल्यावर सगळा भार खांद्यावर आणि बोटांवर असतो, नेम त्याच अवस्थेत धरायचा. ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते रिकर्व्ह. त्याला नेमाची काडी असते, तोल सांभाळायच्या दांड्या असतात, पण दोरी बोटांनीच सोडावी लागते.

कंपाउंड हे अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाचं डोकं. त्यानं १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. टोकांना चाकं बसवली की ओढताना मध्ये भार लागतो आणि शेवटी एकदम उतरतो. ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हाताला साधारण १५ पौंडांचंच वाटतं. वर भिंगाची दुर्बीण आणि दोरी सोडायला हातात धरायचा रिलीज. म्हणजे फायदा आहेच. नाही म्हणणारा खोटं बोलतो, माझा भाचा धरून.

क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य. दोरी एकदा ओढून खटक्यात अडकवली की माणसाचं काम संपलं. दस्ता खांद्याला लावायचा, दुर्बिणीतून बघायचं आणि बंदुकीसारखा घोडा दाबायचा. मध्ये चहा पिऊन आलात तरी दोरी तशीच ताणलेली.

गंमत म्हणजे हेच भांडण अमेरिकेत कित्येक वर्षं चालू आहे. तिथं विषय बक्षिसाचा नाही, हरणाच्या शिकारीचा. (आपल्याकडे शिकार गुन्हा आहे आणि तसाच राहावा, हे आधीच सांगून ठेवतो.) तिथं राज्य सरकारं शिकारीचे परवाने देतात आणि मोसम ठरवून देतात. बंदुकीचा मोसम छोटा, धनुष्याचा लांब. कारण साधं आहे. धनुष्यवाल्याला हरणाच्या अगदी जवळ, वीस-तीस मीटरवर जावं लागतं, बहुतेक वेळा तो हात हलवत परत येतो, म्हणून त्याला दिवस जास्त. विस्कॉन्सिन राज्यानं १९३४ मध्येच असा वेगळा मोसम सुरू केला होता.

मग कंपाउंड आलं. जुने धनुर्धारी चिडले. चाकं लावलेलं हे कसलं धनुष्य, आमच्या मोसमात हे नको, असं म्हणू लागले. तरी कंपाउंड आत आलंच आणि आज तिथं धनुष्याचा शिकारी म्हटलं की हातात बहुतेक कंपाउंडच असतं. त्यानंतर क्रॉसबोवाले दारात आले. तेव्हा दार अडवून कोण उभं राहिलं? हेच कंपाउंडवाले. आपल्याला जे ऐकावं लागलं तेच ते आता दुसऱ्याला ऐकवत होते. एसटीत चढेपर्यंत "जरा सरका" म्हणायचं आणि चढलो की "जागा नाही" म्हणायचं, तसलाच प्रकार.

पण त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. कंपाउंडवाल्याला हरीण समोर असताना धनुष्य ओढावं लागतं. ती हालचाल हरणाला दिसते. ओढल्यावर हात थरथरायच्या आत बाण सोडावा लागतो. क्रॉसबोवाल्याला यातलं काहीच नाही. दुसऱ्या बाजूचंही ऐकण्यासारखं आहे. ज्याचा खांदा निकामी झालाय, वय झालंय, त्यानं काय करायचं? अनेक राज्यांनी म्हणूनच आधी अपंग शिकाऱ्यांना क्रॉसबोची परवानगी दिली आणि मग हळूहळू दार सगळ्यांना उघडलं.

त्यांनी तोडगे काढले ते बघा. ओहायोत क्रॉसबो कित्येक दशकं धनुष्याच्या मोसमात चालतो. पेनसिल्व्हेनियानं २००९ मध्ये तो धनुष्याच्या मोसमात घेतला. विस्कॉन्सिननं २०१४ पासून क्रॉसबोला वेगळा परवाना दिला, पण मोसम धनुष्याच्या जोडीनं चालवला. ओरेगॉननं शिकारीसाठी तो ठेवलाच नाही. आणि धनुष्याच्या शिकारीची विक्रमवही ठेवणारा पोप अँड यंग क्लब क्रॉसबोनं केलेली शिकार वहीत घेत नाही. जंगलात या, पण वही वेगळी.

मला यातलं विस्कॉन्सिनचं डोकं आवडलं. जंगल तेच, दिवस तेच, परवाना वेगळा. त्यांनी आधी विचारलं, हा मोसम आहे कशासाठी? हरणांची संख्या आवाक्यात ठेवायला असेल, तर अवजार कुठलंही चालेल, परवाने मोजा म्हणजे झालं. कौशल्य जपायला असेल, तर रेघ ओढावीच लागेल. उत्तर काय हवं ते उद्देशावरून ठरतं, अवजार बघून नाही.

आता आपल्या मैदानावर येऊ. आपली स्पर्धा कशासाठी आहे? पत्रकावर छापलं होतं, 'ग्रामीण भागातील होतकरू खेळाडूंना व्यासपीठ'. मग ग्रामीण होतकरू खेळाडू म्हणजे कोण? बांबूवाली पोरगी तर आहेच. पण ज्याच्या बापानं कर्ज काढून लाखाच्या वरचं कंपाउंड घेतलं, तो पोरगाही आहे. माझ्या मेहुण्यानं त्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली विकली. ते पोरगं रोज पहाटे पाचला मैदानावर असतं. चाकं बाण मारत नाहीत, पोरगंच मारतं.

आणि कंपाउंडला 'खरं धनुष्य नाही' म्हणणाऱ्यांनी जरा आपल्या राज्याकडे बघावं. ऑगस्ट २०२३, बर्लिन. साताऱ्याची अदिती स्वामी, वय १७, कंपाउंडची जगज्जेती. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेता, अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताची. पुरुष संघात ओजससोबत आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. दोन्ही हात नसलेली शीतल देवी पायानं धनुष्य धरते आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत ब्राँझ जिंकते, तेही कंपाउंडवरच. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा असणार आहे. अशा वेळी विदर्भातलं एक तालुक्याचं गाव कंपाउंडवर बंदी घालणार? लोक हसतील, आणि बरोबरच हसतील.

पण यातली खरी भीती मला दुसरी वाटते. ऑलिम्पिकचं नाव आलं की सगळा पैसा, सगळे कोच, सगळे फोटो चाकाकडे वळतील. बांबूवाली पोरगी 'उत्तेजनार्थ'च राहील आणि दोन वर्षांनी धनुष्य खाली ठेवेल. तिला कुणी बंदी घातलेली नसेल, तरी ती बाहेर पडलेली असेल. अशा बाहेर पडण्याची बातमी होत नाही, हे मी वीस वर्षं बातम्या करून सांगतो.

म्हणून रविवारी मी हे मांडणार आहे:

१. गट तीन करा. इंडियन म्हणजे बांबू-लाकडाचं, रिकर्व्ह आणि कंपाउंड. यात नवीन काही नाही. शालेय स्पर्धांत हे गट वेगळेच असतात. आपणच कंटाळा केला.

२. तिन्ही गटांना बक्षिसाची रक्कम सारखी. एक रुपया कमी-जास्त नाही. पैसे कमी पडले तर स्टेजचा मांडव आणि पाहुण्यांचे फेटे कमी करा.

३. सुरक्षेचा मुद्दा बंदीवाल्यांनी काढलाय आणि तो खरा आहे. गेल्या वेळी कंपाउंडचे दोन बाण गवताच्या गठ्ठ्यातून आरपार गेले, मी पाहिलेत. त्यावर इलाज जाड टार्गेट आणि मागं जाळी हा आहे. बंदी नाही.

४. क्रॉसबो नको. हौशी गृहस्थांचा मान राखून सांगतो. कंपाउंडवाला शेवटपर्यंत स्वतःच्या ताकदीनं दोरी धरून असतो. क्रॉसबोत ती खटका धरतो. माझी रेघ तिथं आहे. आणि शाळकरी पोरं फिरत असलेल्या मैदानावर ताणून ठेवलेली दोरी आणि घोडा नको. रेघ चाकाजवळ का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. भार कमी झाला तरी धरणारा हात माणसाचाच राहिला.

५. संकुलाच्या नावानं एक रिकर्व्ह आणि एक कंपाउंड संच घ्या. लोकवर्गणीतून घ्या, आमदार-नगरसेवकांकडे मागा, पण मैदानावर ठेवा. ज्याला शिकायचंय त्याला हातात धरून तर बघू द्या. आज बापाच्या खिशावरून पोराचा गट ठरतो. खरी असमानता तिथं आहे, चाकात नाही.

आणि सहावी गोष्ट मागणी नाही, घरची आहे. हे सगळं भाच्याला वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, माझ्या गटात मी तिसराही येणार नाही बहुतेक. पण ती तिच्या गटात पहिली येईल." मग म्हणाला, "तसंच पाहिजे."

रविवारी सकाळी १० वाजता, संकुलाच्या हॉलमध्ये. बंदीच्या बाजूचे असाल तरी या, उलट नक्की या. आश्रमशाळेच्या सरांना मी फोन केलाय. पोरीचे वडीलही येणार आहेत. त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाला या वेळी सगळ्यांसमोर उत्तर मिळालं पाहिजे.

कमेंटमध्ये वाद घाला, शिव्या नको. आणि त्या पोरीचा फोटो कुणी टाकू नका.