इंजिन विकू नका, ‘बसेल’ ही खात्री विका



धंदा म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी येतात: मोठं मार्केट आणि स्वस्त माल. आज मी याच्या बरोबर उलटं उदाहरण घेतोय. मार्केट छोटं, माल महाग आणि गाडी १९८० सालीच बनायची बंद झालेली!

गाडीचं नाव एमजीबी. दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. ‘सर, ज्या गाड्या संपत चालल्यात त्यांच्यात कसला आलाय धंदा?’ असं तुम्ही म्हणाल. मग हे ऐका. गाडी बंद झाल्यावर आठ वर्षांनी, १९८८ मध्ये, ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ डाय शोधून काढून या गाडीची नवी कोरी बॉडी बनवायला घेतली. गिऱ्हाईक नसतं तर कोण एवढा खर्च करेल?

आता समजा, तिथल्या एका मालकाच्या गाडीचा ब्लॉक फुटला. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, मोडीत निघालेल्या गाडीचं वापरलेलं इंजिन घ्यायचं. दोन, ‘एक्स्चेंज’चं रिकंडिशन इंजिन घ्यायचं. म्हणजे तयार इंजिन न्या, वर अनामत ठेवा, तुमचं जुनं इंजिन परत आणून द्या आणि ते पुन्हा बांधण्यासारखं असेल तर अनामत परत घ्या. आपल्याकडे जुनी बॅटरी देऊन नवी घेतो, तसंच थोडंफार. (ब्लॉक फुटलाय म्हटल्यावर याची अनामत बहुतेक गेलीच, हे दुकानदाराने आधीच सांगायला हवं.)

मालक फोन करतो, ‘एमजीबीचं इंजिन हवंय, १७९८ सीसी.’ दुकानदार म्हणतो, ‘आहे ना! पाठवतो.’ सौदा झाला.

माझ्या मते धंदा इथेच बुडाला.

कारण १८ वर्षं या गाडीत १७९८ सीसीचंच इंजिन होतं, पण ते एकच इंजिन नव्हतं. सुरुवातीची क्रँक तीन मेन बेअरिंगची होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच बेअरिंगची झाली. त्यासोबत गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या मागच्या ज्या बुशमध्ये टेकतो, त्याचं मापही बदललं. पुढे १९६७ मध्ये नवा गिअरबॉक्स आला, तेव्हा इंजिनाची मागची प्लेट आणि स्टार्टर बदलला. बाहेरून बघाल तर सगळी भावंडं. बसवायला जाल तर कळतं, हे आपल्या घरातलं नाही! तोवर भाडं गेलं, मेकॅनिकची मजुरी गेली, गाडी महिनाभर जॅकवर. आणि तो मालक त्याच्या क्लबातल्या सगळ्यांना तुमचं नाव सांगणार. चांगल्या अर्थाने नाही.

मग चांगला दुकानदार काय करतो? भाव सांगायच्या आधी प्रश्न विचारतो.

१. इंजिनावरच्या पट्टीवर नंबरच्या आधी कोणती अक्षरं आहेत? १८जी आणि १८जीए म्हणजे तीन बेअरिंग, १८जीबी म्हणजे पाच. मात्र आधी कधी बीएमसी कंपनीचं ‘गोल्ड सील’ रिकंडिशन इंजिन बसवलं असेल, तर पट्टीवर वेगळाच नंबर सापडतो. तेव्हा फोटो मागवायचा.

२. गिअरबॉक्स मूळचाच आहे का?

३. हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीट कडक धातूच्या बसवल्यात का? ब्रिटनमध्ये शिसं घातलेल्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २००० पासून बंद झाली. जुन्या मऊ सीट बिनशिशाच्या पेट्रोलवर लवकर झिजतात.

आणि जो वापरलेलं इंजिन विकतोय, त्याने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून लिहून द्यावं, बोअर किती ओव्हरसाइज झालाय तेही सांगावं. आधीच साठवर गेलेला ब्लॉक पुढच्या खेपेला फारशी जागा देत नाही.

बघा, या प्रश्नांना एक रुपयाचं भांडवल लागत नाही. लागतो फक्त अभ्यास. म्हणूनच मी ठामपणे म्हणतो, लहान उद्योजकाने स्वस्त विकण्याच्या शर्यतीत उतरूच नये. तिथे मोठ्या खिशाचा माणूस जिंकतो. ‘हे तुमच्या गाडीला बसेल, नाही बसलं तर मी परत घेईन’ हे वाक्य मात्र ज्याने अभ्यास केलाय तोच बोलू शकतो. त्या वाक्याचे पैसे गिऱ्हाईक आनंदाने देतं.

आपला याच्याशी काय संबंध? आपली अ‍ॅम्बेसेडर आठवते ना? तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. आणि २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर ती मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे आपल्याकडेही चुकीचं इंजिन विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या कागदपत्रांचाही घोळ करून ठेवतो.

आता दुसरी बाजू. या धंद्यात माल महिनोन्‌महिने पडून राहतो, पैसा अडकतो. म्हणून सगळ्या गाड्यांचं सगळं ठेवायला जाऊ नका. एकच मॉडेल धरा आणि त्याचं सगळं पाठ करा. गाडीच पाहिजे असंही नाही. शेतातला पंप, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, जे तुमच्या गावात चालतं आणि ज्याचा पार्ट मिळताना लोकांची दमछाक होते, ते घ्या.

आजचा गृहपाठ: वही घ्या. तुमच्या मालाबद्दल गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी विचारायचे पाच प्रश्न लिहा. पाच सुचले नाहीत, तर दुकानाचं भाडं भरायची घाई करू नका. अजून थोडा अभ्यास करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!