एक छोटा देश, एकच मुक्काम

पहिल्यांदा युरोपला निघालेल्या बहुतेक घरांत एकाच धाटणीचं पत्रक येऊन पडलेलं असतं: बारा दिवस, सात देश. वर्षानुवर्षं पैसे साठवून, मोठ्या मुश्किलीने रजा जुळवून निघालेली माणसं मग निम्मे दिवस बसमध्ये काढतात आणि रोज नव्या हॉटेलात बॅगा उघडतात-बांधतात. माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. हाताशी आठवडाभराचा वेळ आणि बेताचे पैसे असतील तर एकच छोटा देश निवडा, एकाच गावात मुक्काम ठेवा, सकाळी निघा आणि रात्री त्याच खोलीत परत या. अशा प्रवासासाठी माझी पहिली शिफारस स्लोव्हेनियाची आहे.

इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मधे हा देश आहे. 1991 मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडून तो स्वतंत्र झाला, 2004 मध्ये युरोपीय संघात आला, 2007 पासून तिथे युरो चालतो. क्षेत्रफळ साधारण वीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडंच जास्त. वस्ती एकवीस लाखांच्या आसपास. एवढ्याशा जागेत आल्प्सचे डोंगर आहेत, तळी आहेत, जमिनीखालच्या प्रचंड गुहा आहेत आणि थोडा समुद्रही आहे. राजधानी ल्युब्लियाना जवळजवळ मध्यावर असल्याने तिथून बहुतेक ठिकाणं दोन-अडीच तासांत गाठता येतात. एकच मुक्काम इथे जमतो तो या रचनेमुळे.

मुक्काम एकच ठेवला की पैसे कसे वाचतात ते बघा. एकाच ठिकाणी पाच-सहा रात्री घेतल्या तर खोली स्वस्तात मिळण्याची शक्यता वाढते. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर पहिल्या दिवशी आणलेला तांदूळ, अंडी, दही, भाजी शेवटपर्यंत पुरते. बॅगा ओढत फिरावं लागत नाही, त्यामुळे टॅक्सीचा मोह होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवामान बघून कार्यक्रम बदलता येतो. डोंगरात पाऊस असेल त्या दिवशी गुहा बघायची, ऊन पडलं की तळ्यावर जायचं. आधीच सगळीकडची हॉटेलं बुक केलेल्या माणसाला ही मोकळीक नसते.

हिशेबाला सोपं म्हणून एक युरो शंभर रुपयांचा धरा. हंगामात होस्टेलमधली खाट तीस-चाळीस युरो, दोघांत खोली घेतली तरी माणशी साधारण तेवढंच. खाण्याला वीस-पंचवीस, प्रवासाला दहा-पंधरा, तिकिटांना सरासरी दहा. म्हणजे दिवसाला माणशी आठ हजार रुपयांची तयारी ठेवावी. विमान, व्हिसा आणि विमा यांचा खर्च वेगळा. राहण्यावर माणशी, रात्रीगणिक दोन-तीन युरोंचा पर्यटन कर असतो आणि तो बऱ्याचदा पोचल्यावर वेगळा भरावा लागतो, तोही धरून ठेवा.

मुंबईहून ल्युब्लियानाला थेट विमान नाही. विमानाचं तिकीट शोधताना व्हेनिस, व्हिएन्ना आणि झाग्रेब या तिन्ही शहरांचे दर ताडून बघा, तिथून पुढे बस किंवा रेल्वेने ल्युब्लियानाला जाता येतं. व्हेनिसहून बसला चारेक तास लागतात, व्हिएन्नाहून रेल्वेला सहा. परतीला मात्र विमानाच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा. बस उशिरा आली म्हणून विमान चुकलं तर वाचवलेले सगळे पैसे एका तासात जातात.

देशातल्या देशात फिरायला गाडी भाड्याने घेण्याची गरज नाही. रेल्वेचं भाडं अंतरावर ठरतं, त्यामुळे आठवडाआधी तिकीट काढून ठेवण्याची धडपड करू नका, स्टेशनवर जाऊन काढलं तरी चालतं. रुळांची कामं चालू असली की काही टप्प्यांवर रेल्वेऐवजी बस सोडतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघा. शनिवारी गाड्या कमी, रविवारी आणखी कमी, आणि लहान गावांच्या बस त्या दिवशी बंदही असतात. म्हणून लांबचे पल्ले आठवड्याच्या मधल्या दिवसांत उरका आणि रविवार ल्युब्लियानासाठी ठेवा.

ल्युब्लियानाला रविवार पुरतो आणि खर्चही फारसा येत नाही. शहराचा गाभा मोटारींना बंद आहे. योझे प्लेच्निक या वास्तुविशारदाने नदीकाठ, बाजाराच्या कमानी, तीन जोडपूल असं बरंच शहर घडवलं आणि 2021 मध्ये त्याच्या कामाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. ते सगळं चालत, फुकट बघता येतं. किल्ल्यावर जायला डोंगररेल्वे आहे, पण पायवाटेने थोडक्या वेळात वर पोचता येतं आणि आवारात हिंडायला पैसे पडत नाहीत.

ब्लेडच्या तळ्यावर सगळे जातात, तुम्हीही जा. तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर देऊळ वाटावं असं टुमदार चर्च आणि तिथे चढायला 99 पायऱ्या. ल्युब्लियानाहून बसने सव्वा-दीड तासाचं अंतर आहे. पण तिथे पैसे कशावर घालवायचे हे आधी ठरवा. कड्यावरच्या गढीचं तिकीट पंधरा युरोंच्या पुढे जातं आणि पैसे बहुतांशी वरून दिसणाऱ्या देखाव्याचे असतात. त्याहून सुंदर देखावा तळ्याच्या पश्चिमेला, ओसोयनित्साच्या टेकडीवरून फुकट दिसतो. दोनशे मीटरची चढण आहे, शेवटी थोडी खडी. सिंहगड चढणाऱ्याला ती काहीच वाटणार नाही, पावसात मात्र मुळं आणि दगड निसरडे होतात, तेव्हा बूट चांगले घाला. गुडघे दुखत असतील तर टेकडी सोडा आणि तळ्याला पायी फेरी मारा. सहा किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे आणि बसायला जागोजागी बाकं आहेत.

ब्लेडहून पुढे चाळीसेक मिनिटांवर बोहिन्यचं तळं आहे. मला विचाराल तर वेळ एकाच तळ्यासाठी असेल तर बोहिन्य निवडा. ते त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात येतं, आकाराने कितीतरी मोठं आहे, आणि काठावर दुकानांची गर्दी नाही. देशाच्या झेंड्यावर जो डोंगर काढलेला आहे तो 2864 मीटर उंचीचा त्रिग्लाव याच उद्यानात आहे. काठावरच्या झाडीतून चालत राहिलं की पाणी हिरव्यातून निळ्यात बदलताना दिसतं आणि तळाचे गोटे मोजता येतील इतकं ते स्वच्छ असतं. उन्हाळ्यात लोक त्यात पोहतात. टॉवेल आणि डबा घेऊन जा, परतीची शेवटची बस कितीला आहे ते उतरल्या उतरल्या बघा आणि दिवस तिथेच काढा.

गुहांच्या बाबतीत पोस्तोयना प्रसिद्ध आहे. आत छोटी रेल्वे जाते, लहान मुलं आणि वयस्कर माणसांना ते सोयीचं आहे, पण तिकीट महाग आहे. पाय धड असतील तर श्कोत्स्यानला जा. 1986 पासून ही गुहा युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिकीटही कमी आहे. आत रेका नदी जमिनीखालच्या दरीतून वाहते आणि तुम्ही तिच्यावर पंचेचाळीस मीटर उंचीच्या पुलावरून चालत जाता. खाली पाण्याचा आवाज, समोर दिव्यांची रांग कड्याच्या कडेने वर गेलेली. आत बारा अंशांच्या आसपास थंडी असते, स्वेटर हवाच. दिवाचा स्टेशनपासून तीनेक किलोमीटर चालत जाता येतं.

समुद्रासाठी पिरान आहे, जुनं व्हेनिसच्या वळणाचं गाव. दिवस उरला तर जा.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. बेकरीत चीज भरलेला बुरेक मिळतो, तो एक जेवणाचं काम करतो. श्त्रुक्ली नावाच्या गुंडाळ्यांत पनीरसारखं सारण, अक्रोड असं काही काही असतं. पण घेवडा आणि आंबवलेल्या कोबीच्या सारात डुकराचं मांस असू शकतं, म्हणून ‘ब्रेझ मेसा’, बिनमांसाचं, असं स्पष्ट विचारा. कामाच्या दिवशी दुपारी अनेक खाणावळींत ठरलेल्या दरात जेवणाचं ताट मिळतं, मुख्य जेवण तेव्हा घ्या आणि रात्री खोलीवर साधं करा. कायद्याने रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरा. बाटलीबंद पाणी मात्र विकत घेऊ नका. पिण्याच्या पाण्याचा हक्क या देशाने 2016 मध्ये राज्यघटनेत घातला आहे आणि नळाचं पाणी चांगलं असतं. घरून चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी न्या. तूप, खवा, पनीर नेऊ नका, बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे.

मे अखेर ते जून आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टात ब्लेडला पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्याही महागतात.

स्लोव्हेनियाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामाईक व्हिसा लागतो; त्याची फी प्रौढांना 90 युरो आहे. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळत नाही, म्हणून तीन-चार महिने हाताशी ठेवा. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंग करा. आणि अर्ज त्याच देशाकडे करा जिथे तुम्ही सगळ्यात जास्त रात्री राहणार आहात. इथला व्हिसा लवकर मिळेल असं सांगून पॅरिसला पाठवणारे दलाल भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. खोटा कार्यक्रम लक्षात आला तर विमानतळावरूनच परत पाठवू शकतात आणि पुढचे व्हिसाही अवघड होऊन बसतात.