फ्रेडी दिसत नाही रे?

२१ डिसेंबर २०२४. शनिवारची रात्र, नाशिकची थंडी, अंगावर गोधडी आणि हातात चिवड्याची वाटी. सहा वर्षांच्या खंडानंतर 'सीआयडी' परत सुरू होणार म्हणून आख्खं घर टीव्हीसमोर. ओळखीचे चेहरे एकेक करून दिसायला लागले. थोडा वेळ वाट बघून आजी म्हणाली, "फ्रेडी दिसत नाही रे?"

"आजी, तो गेला गं. मागच्या डिसेंबरात."

आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अरेरे. मग आता चुकीचं कोण बोलणार?"

तेव्हा मी हसलो होतो. नंतर मात्र हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा फ्रेडी-प्रपंच.

आधी थोडा इतिहास. 'सीआयडी' सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत, दीड हजाराहून जास्त भाग चालली. निर्माते बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी त्याही आधीची. दूरदर्शनवरचं मराठी 'एक शून्य शून्य' आठवत असेल तर तुमचं वय लपवू नका. हिंदी मालिका असली तरी आपल्याला ती परकी वाटलीच नाही कधी. मुंबईचे रस्ते, साटमांचा एसीपी आणि इन्स्पेक्टर फ्रेडरिक्सच्या नावाखाली आपले दिनेश फडणीस! ५७ व्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले. पेपरात बातमी आली, व्हॉट्सॅपवर दोन दिवस फोटो फिरले, संपलं.

आता तुम्ही म्हणाल, दयाने दरवाजे तोडले, अभिजीतने डोकं लावलं, साळुंखेंनी लॅबमध्ये रंगीत पाणी हलवून खुनी शोधला. फ्रेडीने काय केलं? भुताला घाबरला, बायकोला घाबरला आणि प्रेताशेजारी उभा राहून भलतंच काहीतरी बोलला.

बरोबर. आणि माझं म्हणणं असं की तेच त्याचं काम होतं. त्याच्याशिवाय बाकीच्यांचं चाललं नसतं.

विचार करा. एसीपीच्या डोक्यात काय चाललंय हे प्रेक्षकाला कळणार कसं? कोणीतरी "पण सर, खून तर नोकरानेच केला असणार ना?" असं विचारल्याशिवाय "नाही फ्रेडी, कारण..." सुरूच होत नाही. तो 'कारण' म्हणजेच आख्खी रहस्यकथा. होम्सला वॉटसन उगाच दिलेला नाही. आम्हा प्रोग्रॅमर लोकांत तर याची रीतसर पद्धत आहे. बग सापडत नसेल तर टेबलावर रबरी बदक ठेवायचं आणि त्याला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगायचा. निम्म्या वेळा सांगता सांगताच चूक सापडते. फ्रेडी हे बोलणारं बदक. बदकापेक्षा भारी, कारण बदक प्रश्न विचारत नाही.

आता जरा स्वतःची लाज काढतो. मी टीम लीड असताना आमच्याकडे टेस्टिंगला एक मुलगा होता. प्रत्येक मीटिंगमध्ये त्याचा एक बावळट प्रश्न ठरलेला. "सर, युजरने दोनदा बटण दाबलं तर?" "सर, नावच नसेल तर?" आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. अप्रेझलचे दिवस आले. बेल कर्व्हमध्ये कोणाला तरी खाली टाकायचं होतं. मी त्याला टाकलं. कंपनीने सांगितलं हे खरं, पण नाव मी निवडलं. तीन महिन्यांत त्याने राजीनामा दिला.

त्यानंतर मीटिंगा वीस मिनिटांत संपायला लागल्या. मला वाटलं, वा, टीम मॅच्युअर झाली! जानेवारीत आम्ही दर महिन्याच्या बिलाचं नवं मॉड्यूल सोडलं. ज्या तारखेला गिऱ्हाइकाने प्लॅन घेतला, त्या तारखेला बिल. सोपं. फेब्रुवारी संपला आणि अकाउंट्सवाल्यांचा फोन आला. २९, ३० आणि ३१ तारखेवाल्या एकालाही बिल गेलंच नव्हतं. फेब्रुवारीत त्या तारखा असतात कुठे? सात इंजिनियर, सगळे हुशार. "सर, ३१ तारखेवाल्याचं फेब्रुवारीत काय?" हा बावळट प्रश्न विचारायला खोलीत कोणी नव्हतं.

मुद्दा हा. हुशार माणसांच्या खोलीत शांतता असली की सगळ्यांना सगळं कळलंय असं समजू नये. बहुतेक वेळा प्रत्येकाला फ्रेडी दिसायची भीती वाटत असते. आणि बेल कर्व्ह ही भीती पगाराला बांधून टाकतो.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप. तो पोलिसात आहे, फौजदारकीचं ट्रेनिंग इथेच त्र्यंबक रोडला झालं. पोलीस अकादमी नाशकात १९०९ पासून आहे, जुनी माणसं अजून पीटीसीच म्हणतात. तो म्हणतो, "फ्रेडीमुळे लोकांना वाटतं की पोलीस म्हणजे विनोदी पात्र. खरा तपास म्हणजे पंचनामा, जबाब, कागद. त्यातलं निम्मं काम रायटर हवालदार करतो, त्याचं नाव पेपरात कधी येत नाही." आक्षेप मान्य. सुरुवातीचा फ्रेडी साधा, हळवा अंमलदार होता. पुढे लेखकांनी त्याला घाबरवून घाबरवून पार विदूषक केला, हा अन्यायच. पण मित्राचं दुसरं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. मागच्या रांगेतल्या माणसाचं काम दिसत नाही, म्हणजे ते नसतं असं नाही. २००४ मध्ये याच मालिकेने १११ मिनिटांचा भाग एका सलग शॉटमध्ये चित्रित केला होता. त्यात एकशे दहाव्या मिनिटाला मागे उभ्या असलेल्या माणसाची चूक हिरोच्या चुकीइतकीच महाग. तिथे बेल कर्व्ह लावून बघा!

फडणीस सुमारे वीस वर्षं हे करत राहिले. दर आठवड्याला चुकीचं उत्तर द्यायचं, आणि ते इतक्या मनापासून की समोरच्याचं बरोबर उत्तर उजळून निघावं. स्वतः हुशार दिसण्यापेक्षा हे अवघड आहे. मला तरी एक मीटिंगसुद्धा जमत नाही.

असो. बिलाचा घोळ निस्तरल्यावर एका रविवारी धीर करून त्या मुलाला फोन लावला. आता तो दुसरीकडे आहे, बरं चाललंय. मी सॉरी म्हटलं. फेब्रुवारीची गोष्ट सांगितली, आणि आता महिन्याच्या शेवटच्या तारखेला, म्हणजे २८ ला बिल काढतो असंही सांगितलं. टोमणा मारेल असं वाटलं होतं. मारला असता तर बरं वाटलं असतं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला,

"सर, आणि लीप इयरला?"