दूरस्थ तालीम आणि एकत्र गाणे

खासगी संगीतशिक्षणाविषयी आज दोन परस्परविरोधी मते सारख्याच आग्रहाने मांडली जातात. पहिले मत असे की, तालीम, म्हणजे गुरूने समोर बसवून गळ्यातून गळ्यात विद्या उतरवणे, पडद्यावर आली की तालीम राहतच नाही; दुसरे असे की, इंटरनेटने अंतर संपवले असून पुण्यातील शिक्षकाची खोली आणि न्यू जर्सीतील मराठी मुलाची खोली आता एकच झाली आहे. ही दोन्ही मते टिकणारी नाहीत, कारण यंत्राने तालमीचे नेमके कोणते अंग बदलते, हा प्रश्न दोन्ही पक्ष विचारीत नाहीत.

पहिला पक्ष ज्या अखंड गुरुगृहवासाचा दाखला देतो, त्याला शतकापूर्वीच पर्याय निर्माण झाला होता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा आणल्या, तर भातखंड्यांनी घराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी स्वरलिपीत, म्हणजे चिन्हांनी कागदावर, उतरवून क्रमिक पुस्तकांतून सर्वांच्या हाती दिल्या. गुरूचे सान्निध्य ज्यांना जात, लिंग किंवा गाव यांमुळे मिळू शकत नव्हते, त्यांच्यासाठी ही दारे उघडली, हे विसरून सान्निध्याचा गौरव करणे न्यायाचे नाही. मात्र साधनाची मर्यादाही इतिहासातच दिसते: भीमसेन जोशींना गाण्याची ओढ लागली ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेने, पण विद्या मिळवण्यासाठी त्यांना कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जाऊन राहावे लागले.

दुसऱ्या पक्षाचा दावा अधिक गंभीर मानावा लागतो, कारण तो पालकांच्या खर्चाशी आणि मुलांच्या वर्षांशी निगडित आहे, आणि त्याचे खंडन साध्या हिशेबाने होते. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि काचतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मधली यंत्रे क्षणभरही थांबली नाहीत, तरी आवाज जाऊन परत येण्यास सेकंदाचा अष्टमांश लागतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत हा विलंब अर्ध्या मात्रेचा होतो, आणि जे शिष्य-शिक्षक अर्ध्या मात्रेने मागेपुढे आहेत ते एकाच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ शकत नाहीत. पुणे-नागपूर अंतरात हा विलंब नगण्य असला, तरी नेहमीच्या व्हिडिओ कॉलमधील प्रक्रियाच त्यात एवढी भर घालते की तिथेही मेळ बसत नाही. शिवाय प्रतिध्वनी टाळण्यासाठी ही साधने दोन आवाज एकदम आले की बहुधा त्यांतील एक दाबतात, त्यामुळे गुरूच्या मागून स्वर लावणे, त्याची तान अर्ध्यावर उचलणे, त्याने श्वास घेतला की आवर्तन सांभाळणे, हे सारे बंद पडते.

तानपुऱ्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. पंख्यासारखा एकसारखा चालणारा ध्वनी म्हणजे गोंगाट, अशा समजुतीवर या साधनांतील गोंगाट-निवारण बेतलेले असल्याने, ज्या अखंड षड्जावर सगळे गाणे उभे राहते तोच षड्ज ते पुसू पाहते. ही सोय बंद करता येते, परंतु अनेक घरांत ती तशीच चालू राहते. स्वरमापक ॲपचेही तसेच आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग धरून मोजणारे असे ॲप, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराशी तंतोतंत मिळवलेला शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट उतरलेला दाखवते (सेंट म्हणजे समविभागातील अर्धस्वराचा शंभरावा भाग), आणि सुरेल मुलाला बेसूर ठरवते. दरबारी रागातील आंदोलित, म्हणजे हेलकावत राहणाऱ्या, गंधाराला तर अशा मापकात जागाच नाही.

यावरून मांडावयाचे मत स्पष्ट होते. तालमीची अंगे दोन आहेत: गुरूने म्हटल्यावर शिष्याने म्हणणे हे पाळीपाळीचे अंग, आणि दोघांनी एकाच वेळी गाणे हे एकत्र अंग. पहिले अंग पडद्यावर पुरेसे टिकते, नव्हे काही बाबतींत सुधारते, कारण ध्वनिमुद्रित पाठ शिष्याला दहा वेळा ऐकता येतो आणि पलटे, बंदिशीचे शब्द, रागाचे चलन यांसाठी शेकडो मैल जावे लागत नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सीतील रात्री साडेआठचा पाठ पुण्यात सकाळी सहाला होतो, तेव्हा शिक्षकाच्या भैरवाची, म्हणजे सकाळच्या रागाची, वेळ आणि मुलाची वेळ जुळत नाही. पण ही उणीव सोसण्याजोगी आहे. दुसऱ्या अंगाची उणीव तशी नाही, कारण लयीचा अंदाज, आवाजाचा लगाव आणि मैफलीत स्वतःला आवरण्याची सवय ही एकत्र गाण्यातूनच येते.

म्हणून दूरस्थ शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने प्रवेशाच्या दिवशीच पालकांना सांगावे की, या वर्गात एकत्र गाणे होणार नाही. आणि पालकांनी सुटीतले तीन-चार आठवडे तरी मुलाला गुरूच्या शेजारी, लाकडी तानपुरा हाती देऊन बसवावे.