नाईल क्रूझ ठरवताना अबू सिंबेल गाळू नका

दिवाळीच्या सुट्टीत इजिप्तला निघालेल्या पुणेकरांनो, एक ऐका. लक्झर ते आस्वान क्रूझ, तीन-चार रात्री. केबिन, डेकवरचा पूल, व्हेज जेवण (हे तर सगळ्यात आधी!), सगळं आपण विचारतोच. पण अबू सिंबेल पॅकेजमध्ये धरलंय की ‘ऑप्शनल’, तेही विचारा. ते धरणाच्या पलीकडे, त्यामुळे ही बोट तिथे जात नाही; आस्वानहून गाडीने तीनेक तास. म्हणून पैसे वाचवायला आपणच ते गाळतो.

आस्वानच्या धरणात बुडणार म्हणून ती अख्खी देवळं १९६४ ते १९६८ मध्ये कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन बसवली. फिलीचं देऊळही शेजारच्या बेटावर हलवून १९८० मध्ये खुलं केलं.

त्याच सुमारास आपलं उजनी भरलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं ते तिथेच राहिलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की वर येतं, आपण होडीने जाऊन फोटो काढतो. सोलापूर रस्त्याने दोन-अडीच तासांवर आहे. इजिप्तचे फोटो टाकाल तेव्हा खाली एक ओळ पळसदेवबद्दलही लिहा, आणि आपल्या आमदार-खासदारांना टॅग करा.